शेवटपर्यंत कुणी न वाचलेलं पत्र

आदरणीय अध्यक्ष बाळासाहेब निमकर, प्रमुख पाहुण्या डॉक्टर नीलाताई गुर्जर, व्यासपीठावरचे मराठी मंडळाच्या कार्यकारिणीचे सभासद, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून शिफ्ट बदलून वेळेवर पोचलेली मंडळी, माझ्या वॉर्डातल्या मुलींनो, आणि शेवटच्या रांगेत इंग्रजीत कुजबुजणाऱ्या बाळांनो, सर्वांना या खैरुन्निसाचा सलाम आणि नमस्कार.

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. चिटणीस शामलाने मानपत्र वाचलं. किती सुंदर वाचलं! त्यात एक वाक्य आहे, 'सिस्टर खैरुन्निसा यांनी पंधरा वर्षांत कुवेतमध्ये कोणाचंही मन दुखावलं नाही.' शामला, तू तीन वर्षांपूर्वी आलीस, तुझा दोष नाही. पण ते वाक्य खोटं आहे. मी दुखावलं आहे. आपण सगळ्यांनी मिळून दुखावलं आहे. परवा माझं विमान आहे, म्हणून आज बोलते. विमान परवा नसतं तर बोलले असते का? नसते. याचाही मला राग आहे, आणि तो माझा माझ्यावरच आहे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये आमच्या इस्पितळात एक नर्स आली. दीना वाकरूळकर. इथल्या जुन्या लोकांना नाव आठवत असेल. बाळासाहेब, आपल्याला आठवतं आहे, चेहऱ्यावरून दिसतंच आहे.

हॉस्टेलमध्ये ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. माझे मिस्टर यूनुस तेव्हा अजून यायचे होते. मी मुरूडची, ती रेवदंड्याची. मधे एक खाडी, बस्स. पहिल्याच आठवड्यात मी कोलंबीचं कालवण केलं आणि वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. म्हणाली, "आपा, रागावू नका, कोलंबी चालत नाही मला." आता सांगा, रेवदंड्याची बाई आणि कोलंबीला हात लावत नाही? मग पाहिलं, शनिवार आला की ही ड्यूटी बदलून घेते. शुक्रवारी संध्याकाळी खोलीत तेलाचा दिवा. मी काय समजायचं ते समजले. आमच्या किनाऱ्यावर या लोकांना शनवारतेली म्हणतात. बेने इस्रायल. ज्यू. शेकडो वर्षं आमच्या शेजारी तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी तो बंद ठेवणारी, मराठी बोलणारी माणसं. मुंबईच्या एजंटाने फॉर्मवर धर्माच्या रकान्यात स्वतःच काहीतरी भरून टाकलं होतं. तिने इथे कधी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

इथे सुट्टी शुक्रवारची. आणि या बाईला हवा शनिवार. म्हणून दर शुक्रवारची सकाळची ड्यूटी दीनाची. तुम्ही समुद्रकाठी सहलीला जात होतात, मंडळाच्या नाटकाच्या तालमी करत होतात, तेव्हा तुमच्या बायकांच्या जागी वॉर्डात कोण उभं होतं? "दीनाला सांग, ती घेईल." हे वाक्य या हॉलमधल्या किती जणींनी म्हटलं असेल! हात वर करायला सांगत नाही.

दिवा लावण्याआधी ती एका दूध पावडरच्या डब्यात काहीतरी टाकायची. मी विचारलं, काय गो हे? म्हणाली, "सेदाका." मी म्हटलं, आमच्यात सदका म्हणतात. आम्ही दोघी खूप हसलो. मग तिने सांगितलं की ते दान कुठे जातं. नीट ऐका, कारण सात वर्षांपूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

तिची आई रेवदंड्यात. चाळीस वर्षं दर शुक्रवारी दिवा लावून प्रार्थना म्हणत आलेली, पण तिला त्यातल्या एका शब्दाचा अर्थ ठाऊक नाही. अक्षर ओळखीचं नाही. वाचायचं पुरुषांनी, बाईने मान लववायची. दीना म्हणायची, "आपा, आई पाठ केलेलं बोलते. एक शब्द गळला तरी तिला कळणार नाही." म्हणून तिने गावात बायकांचा वर्ग सुरू केला. ठाण्याच्या एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी एसटीने यायच्या. ओसरीवर पोरी, सुना, म्हाताऱ्या बसायच्या, पाटीवर हिब्रू अक्षरं गिरवायच्या आणि प्रार्थनेचा अर्थ मराठीत शिकायच्या. बाईंचं येणं-जाणं, पाट्या, पुस्तकं, हे सगळं दीनाच्या डब्यातून.

आणि दुसरं. तिचा धाकटा भाऊ शालोम, आपल्या फौजेत. तोफखान्यात. मी आपल्या म्हणते तेव्हा हिंदुस्थानच्या म्हणते. एकाहत्तरच्या लढाईत जखमी झाला, आठ दिवस लष्करी इस्पितळात होता आणि गेला. तिथल्या एका केरळच्या सिस्टरने दीनाला पत्र लिहिलं होतं. ते तिने मला वाचून दाखवलं. 'तुमचा भाऊ शेवटी काहीतरी पुन्हा पुन्हा मागत होता. प्रार्थना असावी. आम्हाला ती भाषा येत नव्हती. पंडितजी आले, पाद्री आले, त्यांनी त्यांना येत होतं ते म्हटलं. मी नुसता हात धरून बसले.'

मी नर्स आहे. असे हात मी धरले आहेत. भाषा न कळता धरले आहेत. ते पत्र ऐकून मी रात्रभर... असो.

तर दीनाने छोट्या पुस्तिका छापून घेतल्या. प्रार्थना हिब्रूतली, पण अक्षरं देवनागरी, खाली मराठी अर्थ. का? तर शेजारच्या खाटेवरचा कुणी जाधव, कुणी शेख, कुणी सिस्टर, कुणीही ती वाचून दाखवू शकेल म्हणून. तिच्या समाजाचे जे जे जवान लेहला, आसामात, कुठे कुठे होते, त्यांना त्या पोस्टाने जायच्या. वर्षातून एकदा त्यांच्या सणाची बिनखमिराची भाकरीही जायची.

हे तिचं पाप.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये वर्गातल्या बायकांनी आभाराचं पत्र पाठवलं. टपाल आपल्या मंडळाच्या पेटीत यायचं, तेव्हा सगळ्यांचंच तिथे यायचं. तेव्हाच्या चिटणीसांनी ते उघडलं. चुकून, असं ते म्हणाले. कागदाच्या डोक्यावर सहा कोनांची चांदणी, खाली हिब्रूची एक ओळ, आणि पहिल्याच वाक्यात 'आपल्या धर्माच्या जवानांसाठी'. झालं! चांदणी दिसली, जवान दिसले, चिटणीस थेट जेरुसलेमला पोचले, म्हणे पैसा इस्रायलच्या फौजेला जातो!

विजयराव, माइकचा आवाज कमी करू नका. मी म्हातारी आहे, ओरडायला लावू नका.

दुसऱ्या दिवशी सलवा भागात बाळासाहेबांच्या फ्लॅटवर कार्यकारिणी बसली. अकरा जण. त्यांत यूनुस आणि मी. दीनाला बोलावलं नव्हतं. पत्र टेबलावर होतं आणि त्याला कुणी बोट लावत नव्हतं, जणू त्यावर देवीचे फोड आले होते. एक म्हणाला, हिला आधी मंडळातून काढा. दुसरा म्हणाला, मंडळाची परवानगी जाईल, आपले इकामे, इथे राहायचे परवाने, जातील, पोराबाळांसकट घरी बसू.

भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करते. त्या दिवसांत, या मुलुखात, इस्रायल हा शब्द उच्चारायलाही छाती लागत होती. पण पत्र मराठीत होतं हो! अरबीत नव्हतं, हिब्रूत नव्हतं, तुमच्या-माझ्या मराठीत होतं. दुसऱ्या पानावर, हे मला पुढे दीनाकडूनच कळलं, लेहच्या चौकीवरच्या जवानाची पोच होती. ते पान कुणी उलटलं नाही. आणि दोनच महिन्यांपूर्वी, सव्वीस जानेवारीला, याच मंडळाने याच हॉलमध्ये सीमेवरच्या जवानांसाठी गाणी म्हटली होती. डोळे पुसले होते. कुठल्या जवानांसाठी? त्यांत शालोम नव्हता?

मी म्हटलं, "ती आमच्या किनाऱ्यावरची आहे, मी तिला ओळखते." तेव्हा बाळासाहेब, आपण मला म्हणालात, "खैरुन्निसाबाई, तुम्ही तरी यात पडू नका. उद्या चौकशी झाली तर तुमचंच नाव आधी येईल." आपण हे काळजीने म्हणालात, मला ठाऊक आहे. यूनुसनी माझा हात दाबला. आणि मी गप्प बसले. दुसरं पान उलटायला माझा हात टेबलापासून वीतभर लांब होता.

नंतर इस्पितळाच्या कचेरीत कुणीतरी जाऊन सांगितलं. कुणी, ते मला माहीत नाही; माहीत असतं तर आज नाव घेतलं असतं. चार दिवसांत दीनाची नोकरी संपली. ना शाल, ना नारळ, ना मानपत्र. जिने पाच वर्षं तुमचे शुक्रवार सांभाळले, तिला विमानतळावर सोडायला या मंडळाचा एक माणूस गेला नाही. मीही गेले नाही. माझी ड्यूटी होती. बदलून मागायला कुणी उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी रजेवर गेले तेव्हा मुरूडहून होडीने खाडी ओलांडली आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती आता अलिबागला एका दवाखान्यात काम करते. केस पांढरे झाले आहेत. वर्ग चालू आहे. ठाण्याच्या बाई वारल्या, आता दीनाच शिकवते. गावातली बरीच घरं परदेशी गेली, कुलपं लागली. ओसरीवर सहाच जणी होत्या. तिची आई त्यांत होती, ऐंशीच्या पुढची. जाड चष्मा लावून, बोट उजवीकडून डावीकडे नेत, एकेक अक्षर जुळवत वाचत होती. मी मदरशात जशी वाचायचे, तशीच. एका शब्दापाशी अडली. दीना पुढे सांगायला गेली, तर म्हातारी खेकसली, "थांब गो, मला वाचूदे!"

मी दीनाला म्हटलं, "दीना, मी तेव्हा घाबरले होते."

ती म्हणाली, "आपा, चहा घ्या, जेवून जा, हवं तेव्हा या. पण घाबरले होते असं मला सांगू नका. मी पण घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, हे तुम्ही नर्स असून मी तुम्हाला सांगायचं का?"

तिने मला माफ केलं नाही. मी जेवून निघाले. तिने बंदरापर्यंत सोडलं, हातात पुस्तिकांचा एक गठ्ठा दिला आणि म्हणाली, "मुंबईहून टपालात टाका, काश्मीरला जायचाय." मी टाकला. तेवढंच माझ्या हातून झालं.

मला चिठ्ठी आली आहे, 'वेळ संपली.' संपली हे खरं आहे. एवढं सांगून बसते.

गेल्या आठवड्यात मी शामलाकडून मंडळाची जुनी इतिवृत्ताची वही मागून घेतली. एकोणऐंशीच्या मार्चचं पान काढलं. एकच ओळ आहे. 'श्रीमती दीना वाकरूळकर यांनी घरगुती कारणास्तव स्वखुशीने सभासदत्वाचा राजीनामा दिला.' खाली अकरा सह्या. पाचवी यूनुसची. सहावी माझी, सुवाच्य.

अध्यक्षमहाराज, ती वही मी आज सोबत आणली आहे. खाली उतरले की 'घरगुती कारणास्तव स्वखुशीने' या शब्दांवर मी रेघ मारणार आहे, आणि काय झालं ते समासात मराठीत लिहून माझी सही करणार आहे. यूनुस करणार आहेत, आम्ही घरी बोललो आहोत. त्या अकरांपैकी आणखी चार जण या हॉलमध्ये बसले आहेत. त्यांची नावं मी घेत नाही. त्यांना लिहिता येतं.

आपण मला पंधरा वर्षं सांभाळलंत, माझ्या आजारपणात डबे पाठवलेत, माझ्या लेकीच्या निकाहात पंगती वाढल्यात, हे मी कबरीपर्यंत विसरणार नाही. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात शब्द कडू गेला असेल, मान राखायचा राहिला असेल, तर कोकणातली बाई म्हणून पदरात घ्या. जे बोलले त्याची मात्र माफी मागत नाही.

जेवणाची पानं मांडली आहेत असं कळतं. बाळासाहेब, आधी वहीजवळ या.