रविवारचं चाक

गॅरेजच्या बाकावर मी माझी स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघत होतो. शेजारी नवरा-बायको बसले होते. टायर बदलायला मेकॅनिकने त्यांच्या मोटरसायकलचं मागचं चाक काढलं होतं.

"साहेब, चाकाच्या आतल्या दात्यांना ग्रीस कुणी लावलं?"

"कुणी नाही. शाफ्टची गाडी आहे, चेनच नाही. काही बघावं लागत नाही, म्हणून तर घेतली!"

"कोण म्हणालं? चाक काढून ग्रीस लावावंच लागतं, नाहीतर दाते झिजतात. तुमचे नव्यासारखे आहेत. ग्रीसही ताजं आहे."

"आपोआप राहिलं असेल."

"आपोआप फक्त गंज चढतो, साहेब."

"अगं, तू का हसतेस?"

"माझ्या माहेरी गेलो की जेवून तू आडवा होतोस. तेव्हा बाबा कुठे असतात?"

"अंगणात. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून."

"आणि चहाला येतात तेव्हा हाताला रॉकेलचा वास कसला येतो?"

"म्हणजे... लग्नापासून माझ्याशी धड एक वाक्य बोलले नाहीत, आणि माझ्या गाडीचं चाक काढतात?"

"मागचं चाक आहे ते. त्याच्यावर मी बसते."

"साहेब, बसवू का चाक? नवीन ग्रीस लावून देतो."

"नको, नको. आहे तसंच बसवा. रविवारी सासऱ्यांकडे जायचंय. आणि या वेळी मी झोपणार नाही."

"झोप रे बाबा! जागा दिसलास तर ते गाडीला हातही लावायचे नाहीत."

"बरं, मग झोपेचं सोंग घेतो. पण अंगणाकडच्या खिडकीपाशी गादी घाल."