दिघेकाकांचे दुबळे नायक

नमस्कार. दिघेकाकांच्या शोकसभेला आज त्यांच्या या खोलीत उभं राहायलाही जागा नाही. हे काकांनी पाहायला हवं होतं. मला बोलणं जड जातंय. सांभाळून घ्या.

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर दर रविवारी दुपारी, निजामपुऱ्यातल्या याच खोलीत, या भिंतीवर आपल्याला जुने फ्रेंच चित्रपट दाखवायचे. काळेपांढरे, धुक्यातले. त्यांतला नायक एका बाईपायी नोकरी, घर, अब्रू घालवतो. आपण बुडतोय हे त्याला कळतं. तरी थांबत नाही.

मी आले तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चित्राखाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मला भरभर वाचता येत नव्हत्या. काकांच्या ते लक्षात आलं. काही न विचारता ते प्रत्येक वाक्य मराठीत मोठ्यानं बोलू लागले. नायकाचं, नायिकेचंही.

"काका, नायिकेचा आवाज एवढा घोगरा?"

"सिगारेट ओढते ती. बघ नीट!"

पदवी मिळाली आणि मला जग सुधारायची घाई झाली. मी विचारलं, "काका, या दुबळ्या माणसांकडून शिकायचं काय?"

ते म्हणाले, "शिकू नकोस गं. त्यांना नावं न ठेवता दीड तास बघ. तेवढं जमलं तरी पुष्कळ."

मला नाही पटलं. मी तुम्हा सगळ्यांना म्हटलं, रविवारी काहीतरी उमेद देणारं करू या. तुम्ही ऐकलंत. शहराच्या दुसऱ्या भागात, गोत्रीला, माझ्या वाचन मंडळात आलात. काकांना सांगायला मीच गेले. "जा ना, मजा करा," म्हणाले. चहाही केला.

परवा शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "काका एकला कुठे होता, बेटा? दर रविवारी आवाज यायचा. कधी पुरुषासारखा, कधी बाईसारखा. मला वाटलं, तुम्ही बधा, सगळे येता."

मंडळी, वर्षभर इथे कुणीच येत नव्हतं.

तुमचा दोष नाही. तो माझा आहे. आणि खरं सांगू? कितीदा तरी मी या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. चुकलं हे कळत होतं. दहा पावलं चालायची होती. लाज वाटली, परत फिरले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. याहून दुबळं माणूस काकांनी पडद्यावर तरी पाहिलं असेल का?

पाहिलं असेल. आणि त्याच्यावर मायाच केली असेल.

आता थोडा वेळ सगळे गप्प राहू या.

काका, नमस्कार करते. मला फार उशीर झाला.