कॅरियरचं वजन

लतीफ: हळू, पुंजारामभाऊ, हळू! सायकल हाये, पोतं न्हाई. दुकानातल्या ट्यूबलाइटीला लागंल.

पुंजाराम: बघ नंदा, एका हातानं उचलली! आपली जुनी उचलायला दोन माणसं अन् एक शिवी लागती.

नंदाबाई: उचलायची कशाला पण? आपण सायकलवर बसायचं का सायकलनं आपल्यावर?

लतीफ: वाह भाभी, बराबर बोलल्या.

पुंजाराम: तुला न्हाई समजायचं. रेसिंगची हाये ही. हँडल बघ, मेंढ्याच्या शिंगावानी.

नंदाबाई: शिंगं खाली गेलीत की. धरायचं कसं?

पुंजाराम: वाकून. मंग वारं डोक्यावरून जातं अन् सायकल पळती.

नंदाबाई: मिलमधी दिवसभर वाकून सळया ओढता. घरी आलं की "नंदे, पाठ गेली, तेल लाव." आता जाता-येता बी वाकणार! लतीफभाई, तेलाचा घाणा कुठं मिळतो तेवढं सांगा.

लतीफ: भाभी, एमआयडीसीला रोज जायला हलकी बरी असती पण.

पुंजाराम: एमआयडीसीचं सोडा हो. मला अंगारकीला राजूर गाठायचंय. मागच्या अंगारकीला मिलमधली आमच्या पाळीची समदी माणसं सायकलवर गेल्ती. मी पोचलो तवा हे लोक गणपतीचं दर्शन घेऊन, भजे खाऊन झाडाखाली घोरत पडल्ते. साहेबराव म्हणतो कसा, "पुंजाराम, ह्या चतुर्थीला आलास का मागच्या?" तवापासून रोज तेच. भट्टीपाशी तेच, नळावर तेच, डबा खाताना तेच. या खेपेला पहिला पोचणार मी. समद्यांला सांगून ठिवलंय.

नंदाबाई: असं का. मंग लतीफभाई, हिला स्टँड कुठाय?

पुंजाराम: नको. वजन वाढतं.

नंदाबाई: उभी कशी ऱ्हाणार?

पुंजाराम: भिताडाला टेकवायची.

नंदाबाई: अन् भिताड नसलं तिथं?

लतीफ: तिथं भाऊ धरून उभे ऱ्हातील.

नंदाबाई: घंटी?

पुंजाराम: वजन. मी तोंडानं वरडन.

नंदाबाई: मडगार्ड? चिखल उडाला की पाठीवर, धुवायला मीच हाये.

पुंजाराम: वजन म्हणलं ना!

नंदाबाई: अन् कॅरियर?

पुंजाराम: कॅरियर तर बिलकुल नको. सगळ्यात जड तेच असतं. डबा हँडलला टांगीन.

नंदाबाई: डब्याचं कुठं इचारलं म्या?

पुंजाराम: मंग?

नंदाबाई: मी कुठं बसू?

लतीफ: मी जरा आत पाना बघून येतो…

नंदाबाई: थांबा लतीफभाई. तुमच्यासमोरच होऊ द्या. हे मला बघायला आल्ते तवा धावड्याला, माझ्या माहेरी ओसरीत चहा पिता पिता काय म्हणले व्हते? "मला सायकल येती. तुमच्या पोरीला राजूरला डबलसीट नेईन." आमचा बा तेवढ्यावर खूश झाला. लगीन झालं, अन् अंगारकी आली की हे मित्रांसंगं सायकलवर अन् मी येष्टीत उभी.

पुंजाराम: जुन्या सायकलीला व्हतं की कॅरियर.

नंदाबाई: व्हतं ना. त्याच्यावर सिमेंटचं पोतं बसलं. तुमच्या बहिणीचं दळण बसलं. एकदा तर बोकड बसलं. मीच बसले न्हाई.

पुंजाराम: अगं, तू कधी म्हणलीस का?

नंदाबाई: बोकड म्हणलं व्हतं का?

लतीफ: या अल्ला.

पुंजाराम: लतीफभाई, हसू नका.

लतीफ: न्हाई, न्हाई. पण भाऊ, खरं सांगतो. ह्या बारीक रिमवर दोघं बसले तर राजूर यायच्या आधीच रिम वाकडी होईल. ही दुसरी बघा. रिम मजबूत, कॅरियर पक्कं. पाहिजे तर रेसिंगचं हँडल हिला बसवून देतो. तुमचा शौक बी राहील.

पुंजाराम: अन् राजूरला पुन्हा शेवटचा पोचू? पुन्हा वर्षभर साहेबरावचं ऐकू?

नंदाबाई: मागं मी बसलेली दिसल्यावर कोण इचारील हो उशीर कामून झाला?

लतीफ: लाख की बात! उलट जे एकटे आले त्यांला घरी जवाब द्यावा लागंल.

नंदाबाई: लागणारच हाये. आम्ही दोघं जाणार म्हणून साहेबरावच्या मंडळीला म्या कालच सांगून ठिवलंय.

पुंजाराम: कालच? सायकल घ्यायच्या आधी?

नंदाबाई: तुम्ही न्हाई का समद्यांला सांगून ठिवलं पहिला पोचणार म्हणून?

लतीफ: हे घ्या भाऊ, रेसिंगचं हँडल बसवलं हिला. चक्कर मारून या. बसा भाभी. पदर चाकापासून सांभाळा.

(दोघं त्या दुसऱ्या सायकलवर गांधी चमन चौकापर्यंत जाऊन परत येतात. पुंजाराम घामाघूम.)

लतीफ: कशी चालली?

पुंजाराम: लई… लई जड हाये.

नंदाबाई: कोण?

पुंजाराम: सायकल! सायकल म्हणलो मी.

नंदाबाई: मला तर पिसावानी वाटली. लतीफभाई, माणसं वळून वळून बघत व्हती! आमच्या गल्लीतली झुंबरबाई दिसली, तिला हात केला म्या. आता घरोघर तीच सांगंल, मला सांगायचं काम न्हाई. मला लई बरं वाटलं बघा.

पुंजाराम: हात केला तवा सायकल गेली व्हती नालीत.

नंदाबाई: गेली व्हती, पडली न्हाई. चांगली चालवता तुम्ही.

पुंजाराम: हं. लतीफभाई, ते हँडल उलटं बसवा. शिंगं वर करा.

लतीफ: अरे! अन् वाऱ्याचं काय?

पुंजाराम: वाकलं की ही मागून काय बोलती ते ऐकू येत न्हाई.

लतीफ: अच्छा. मंग स्टँड, घंटी, मडगार्ड?

पुंजाराम: लावा समदं.

लतीफ: वजन वाढतं हां भाऊ. मंग म्हणू नका लतीफनं सांगितलं न्हाई.

पुंजाराम: अन् कॅरियरवर एक गादी बसवा. खड्ड्यात ही दोनदा "आई गं" म्हणली, अन् राजूर लांब हाये.