ओल्या स्पंजचा डबा

(कांदिवली गावठाणातलं घर. दुपारची जेवणं आटोपलीत. टक् – व्हायोलेट घट्ट झाकणाचा एक डबा उघडते. नवरा रोझारिओ आणि सून बेव्हर्ली वळून बघतात. खाली बसून छोटी नात जोॲन चित्र रंगवतेय.)

व्हायोलेट : तळलेल्या फुगिया ठेवायला डबा शोधत होते. तांदळाच्या पिंपामागे हा मिळाला. काय आहे हे?

रोझारिओ : बघू. सिगार दिसतात.

व्हायोलेट : ते मला पण दिसतं. कुणाचे?

रोझारिओ : ...माझे.

बेव्हर्ली : डॅडी –

रोझारिओ : तू थांब गं. माझेच आहेत.

व्हायोलेट : अँजिओप्लास्टी करून घरी आलास, तेव्हा क्रूसासमोर काय बोललास? तंबाखू बंद. आणि मी येडी, तुला एकट्याला बेचव नको म्हणून बिनमिठाचं जेवायला लागले तुझ्याबरोबर. बांगड्याला सुद्धा मीठ नाही लावलं.

रोझारिओ : चुकलं माझं.

व्हायोलेट : आणि आत हा स्पंज कशाला? ओलाय.

रोझारिओ : त्याने... थंड राहतात.

व्हायोलेट : थंड. आइस्क्रीम आहे का? गच्चीत उन्हात टाकते सगळे. सुकले की लवू प्लंबरला देईन, तो तरी ओढेल.

बेव्हर्ली : उन्हात नको मम्मी, वरचं पान तडकतं.

व्हायोलेट : तुला कसं माहीत?

बेव्हर्ली : म्हणजे... डॅडी म्हणत होते.

व्हायोलेट : अच्छा. हिला सांगितलंस. मलाच तेवढं नाही.

रोझारिओ : हो, मीच बोललो तिला. सॉरी, व्हायोलेट.

व्हायोलेट : आजपासून तुझं वेगळं शिजेल. माझ्या कालवणात मीठ पडणार. मी बाजारात चाललेय. मागे येऊ नकोस.

बेव्हर्ली : ...गेल्या. डॅडी, मी सांगणारच होते. तोंडातून भलतंच गेलं.

रोझारिओ : स्पंज पान ओलं ठेवायला असतो, हे मला कुठे ठाऊक. मी विडीवाला माणूस, मला काय कळतंय त्यातलं.

बेव्हर्ली : पण माझे आहेत हे तुम्हाला कसं कळलं?

रोझारिओ : जोॲन झोपली की तू गच्चीत जातेस. वास खाली आमच्या खिडकीत उतरतो. व्हायोलेट घोरत असते. मी पडल्या पडल्या दोन श्वास जरा लांब घेतो, बस.

बेव्हर्ली : ऑफिसातल्या अनुपमाने आणून दिले. तुमचा लेक रसेल बोटीवर. इथे घर, ऑफिस, जोॲन. दिवसात तेवढाच वेळ माझा असतो. लाज वाटते सांगायला. पण आत्ता जाते मी मम्मींच्या मागे.

रोझारिओ : जातेस?

(बेव्हर्ली उंबऱ्यापर्यंत जाते आणि तिथेच थांबते.)

रोझारिओ : राहू दे. माझ्यावर चिडायची सवय आहे तिला. तुझं कळलं तर चर्चमध्ये ती स्वतःच मान खाली घालून बसेल.

बेव्हर्ली : पण त्या तुमच्याबरोबर जेवणार नाहीत आता.

रोझारिओ : हं. तेवढं जड जाईल.

बेव्हर्ली : संध्याकाळी सांगते. नक्की सांगते.

रोझारिओ : बरं. झाकण लाव आधी, हवा लागतेय.

जोॲन : मम्मा.

बेव्हर्ली : काय गं पिल्लू? रंग संपला?

जोॲन : नाही. तुझं सॉरी ग्रँडपा का बोलले?