घरचं लोखंड

तुम्ही आता सुट्या भागांच्या पुस्तकात बघून गाडीचे बार मागवता, म्हणून सांगतो. सत्तर सालच्या सुमारास मला घाटातल्या हौशी शर्यतींचा नाद होता. माझी जुनी गाडी वळणावर इतकी कलायची, की शेजारी बसलेला माणूस माझ्या मांडीवर यायचा.

गाडी कलू नये म्हणून मागच्या चाकांमध्ये एक आडवा बार असतो. शिळफाट्याच्या रामामिस्त्रीला म्हटलं, "हा जाड करून दे. गाडी कलता कामा नये."

"आजिबात नाय कलनार," तो म्हणाला.

आठवड्यानं बघतो, तर करंगळीएवढ्या बारच्या जागी अंगठ्याहून जाड बार.

"लोखंड कुठलं रे?"

"घरचं हाय."

शर्यतीत पहिल्याच चढाच्या वळणावर गाडी खरंच कलली नाही. फक्त मागचं आतलं चाक हवेत उचललं गेलं आणि तिथेच गरगरत राहिलं. इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी पुढे सरकेना. मागून आलेले दोघे हात हलवून निघून गेले. मी शेवटचा आलो.

परत येऊन मिस्त्रीला झालेलं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "पन कलली का?"

"नाही."

"मंग?"

तेवढ्यात बाकावर बसलेला म्हातारा उठला. मिस्त्रीचा सासरा, कशेळ्याकडचा, विहिरी खणणारा. त्यानं गाडीखाली वाकून नीट बघितलं आणि जावयाकडे वळून म्हणाला, "शर्यत झाली ना? मंग आता माजी पहार सरळ करून द्या. विहीर अर्धी रायलीय."