एकतीस घरांत पाठवलेला पाळणा

बसा मंडळी, पुढे सरकून बसा. मागं उभं राहणाऱ्यांना वाटतं, बुवा लवकर आटपतील! बघू. आज प्रश्न अगदी एवढासा आहे. पाठवलं — म्हणजे पोचलं का? बोला की! त्या खांबाजवळचे काका मान हलवतायत — "पोचलं!" काका, घाई नको. आधी ऐका.

कोरेगावात एक मुकुंदराव खटावकर. एस.टी.त वाहतूक नियंत्रक. जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्या आणि निवृत्त झाल्यावर पुकारायला गाडीच उरली नाही! घरात पुकारावं, तर बायको विजयाबाई म्हणते, "हळू बोला, मी स्वयंपाकघरात आहे, फलटणला नाही!" मग लेकानं कॉम्प्युटर घेऊन दिला. पुण्याहून पुतणी आली, मृणाल. ती ह्याच कामातली. म्हणाली, "काका, दर वेळी ब्राउझर कशाला उघडता? प्रत्येक कामाचं वेगळं ॲप टाकून देते. बोट ठेवलं की काम!"

आता ब्राउझर म्हणजे काय हो? गावाची वेस! कुठंही जायचं तर सगळ्यांनी तिथूनच जायचं. मुकुंदरावांना मात्र परसदार मिळालं. एक नव्हे — अठरा परसदारं! विजेच्या बिलाचं एक, रेल्वेचं एक, हवामानाचं एक, पंचांगाचं एक. गडी कट्ट्यावर छाती काढून सांगायचा, "आम्ही नाही बुवा ब्राउझर उघडत!" जसं कुणी म्हणावं, आम्ही नाही बुवा बाहेरचं खात!

खिडकीशेजारी बसून हवामान बघायचा — पाऊस आहे का? अहो, उजवा हात बाहेर काढा, भिजला तर आहे! पंचांगाचं तर विचारू नका. सकाळी दोन बशा पोहे झाले, वर चहा झाला, ढेकर दिली — आणि पडद्यावर टुण्णकन् चौकट आली: 'आज एकादशी.' पेटीमास्तर, हसू नका, तुमचीही मोडली होती गेल्या महिन्यात!

पण सगळ्यांत लाडकं ॲप होतं 'वाटप'. एक पिशवी. तिच्यात टाकाल ते आपोआप एकतीस नातेवाइकांच्या घरी! दुबईत, नाशकात, थेट कॅनडात. मुकुंदराव टाकायचे, पाठवायचे, पुढच्याला लागायचे. काय पाठवलं ते बघायला सवड कुणाला?

आता मुकुंदरावांची आई, सरूआक्का. वय चौऱ्याऐंशी. ह्या बाईची एक रीत होती. घरात मूल जन्मलं की त्या मुलाच्या नावाचं एक कडवं रचायची आणि बारशाला पाळण्याची दोरी धरून म्हणायची. तेवीस मुलं, तेवीस कडवी! कागदावर एक नाही, सगळी डोक्यात. आणि आपल्याकडे बारसं म्हणजे काय? बायका आत, बाप्ये ओसरीवर राजकारण करतात. त्यामुळं ही कडवी बाप्यांच्या कानावर कधी गेलीच नाहीत.

यंदा मुकुंदरावांची सून बाळंतीण होणार होती. आक्का म्हणाल्या, "मुकुंदा, सगळी कडवी एकदा म्हणून दाखवते. बस जरा."

"बसतो कशाला? जपून ठेवतो!" म्हणाला, कॅमेरा लावला, बटण दाबलं आणि — बाहेर गेला! का? तर खुर्ची करकरते, आवाज येईल! आक्का एकट्याच भिंतीपुढं अठरा मिनिटं गायल्या. ह्यानं ते 'वाटप'मध्ये टाकलं. संध्याकाळी आक्कांनी विचारलं, "ऐकलंस का रे?"

"तीनदा ऐकलं! सगळ्यांनी ऐकलं. दुबईहून वा वा आलं!"

आलं होतं वा वा. अंगठ्याचं चित्र आलं होतं. अंगठा उचलायला कान लागत नाहीत, मंडळी!

नात झाली. बारसं ठरलं. मुकुंदरावांनी मोठा टीव्ही आणला, कॉम्प्युटरला जोडला. म्हणाले, "आईला आता दम लागतो. तिनं खुर्चीत बसायचं, गाणं टीव्हीवर लावू."

बघा थाट! आई खुर्चीत जिवंत — आणि गाणार टीव्ही! आक्का हळूच म्हणाल्या, "अरे, तुझ्या नातीचं कडवं त्यात नाही."

"ते नंतर जोडता येतं, आई!"

बारशाचा दिवस. मुकुंदराव सकाळपासून पाळण्याच्या सजावटीचे फोटो पाठवतायत. एकट्या झेंडूच्या तोरणाचे बावन्न! दुपारी 'वाटप' म्हणालं, जागा संपली. गड्यानं बघितलं, सगळ्यांत जड काय? आईचा पाळणा. मनाशी म्हणाला, 'एकतीस घरांत आहेच की! इथलं काढलं म्हणून काय बिघडतंय? लागेल तेव्हा कुणाकडूनही घेऊ.' काढायला गेला. चौकट आली: 'सर्वांकडून काढायचे का?'

वाचली असेल का? तुम्ही वाचता का? चौकट आली की 'हो' म्हणायचं, हा आपला कुळाचार!

हो!

एकतीस घरांतून पाळणा नाहीसा. कुणाला पत्ता? एकाचाही फोन नाही!

पाच वाजले. बायका जमल्या, बाळ आणलं. मुहूर्त सव्वापाचपर्यंत. मुकुंदरावांनी घसा खाकरला, 'वाटप' उघडलं — आणि पाळणा कुणाकडंच नाही! नाशिकला फोन, दुबईला फोन. "काका, आमच्याकडे पण नाही हो!" आईचा जन्माचा ठेवा आपल्या हातानं पुसला! गडी घामाघूम.

बारशाला आलेली मृणाल धावली. "काका, घाबरू नका, कचरापेटीत राहतं काही दिवस." तिनं शोधलं, सापडलं. "पण परत यायला पन्नास मिनिटं लागतील." आणि त्या सापडलेल्या पाळण्याखाली दोन ओळी होत्या. चांगल्या ठसठशीत, मोठ्या टीव्हीवर, सगळ्या बायकांसमोर.

'पाठवले: ३१. उघडून पाहिले: ०.'

आक्कांना लांबचं दिसत नाही. "काय लिहिलंय गं?"

मृणालनं मान खाली घातली. त्या शून्यात तीपण होती ना! शेवटी विजयाबाईच बोलल्या, "सासूबाई, एकतीस जणांना पाठवलं. उघडलं कुणीच नाही."

आक्कांनी लेकाकडं बघितलं. "तू पण नाही?"

मंडळी, यंत्रानं काय चूक केली? काही नाही! त्याला सांगितलं ते त्यानं केलं, विचारलं ते खरं सांगितलं. घरात खोटं कोण बोललं होतं?

आक्का रागावल्या नाहीत हो! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "बंद कर तो डबा. आणि ओसरीवर जाऊ नकोस. बस इथं." काठी टेकत उठल्या, दोरी हातात घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं. एकेका कडव्याला दम लागायचा, थांबायच्या, पुन्हा म्हणायच्या. चौथं कडवं आलं —

*चवथा मुकुंद माझा सातव्याच मासी*
*मूठभर जीव बाई, ठेवू कुणापाशी?*
*कापसात ठेविला, उराशी बांधिला*
*एकवीस राती गं, डोळा नाही लाविला*
*जो बाळा जो जो रे जो!*

एकसष्ट वर्षांचा माणूस! त्याला ठाऊकच नव्हतं, आपण एवढेसे होतो, आपल्याला कापसात ठेवून जगवलं. सांगणारी पंधरा पावलांवर बसली होती, आणि हा कॅनडाला पाठवत होता! जिनं एकवीस राती डोळा लावला नाही, तिच्यासाठी ह्याला अठरा मिनिटं कान लावता आला नाही! सगळ्या बायकांच्या देखत मुकुंदराव लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. आक्कांचं मात्र पाचवं कडवं सुरू झालं होतं. त्या थांबल्या नाहीत.

बोला — जय जय राम कृष्ण हरी!

आता हसून घेतलंत मुकुंदरावांना. हसा. पण न ऐकता अंगठा कुणीकुणी दाखवलाय, त्यांनी हात वर करा, असं मी सांगत नाही, कारण मग मलाही करावा लागेल. माझ्या थोरल्या बहिणीनं मे महिन्यात काहीतरी बोलून पाठवलंय, चार मिनिटांचं. मी अंगठा दाखवून मोकळा झालो. हे आख्यान बांधताना आठवलं, तरी अजून ऐकलेलं नाही! आणि मी इथं उंचावर बसून तुम्हाला शहाणपण शिकवतोय.

म्हणून आज आरती लवकर घेतो. आठ वाजतायत. म्हातारी माणसं नऊला अंथरुणाला पाठ टेकतात. प्रसाद घ्या आणि वाटेत कुठं न थांबता घरी जा. आई अजून जागी असेल.