शिवी दिल्यावर उमटणारं वाक्य

बॉस्टनच्या गेम-मेळाव्याचं दार अजून उघडायचं होतं. रांगेत माझ्यापुढे म्हातारे ऑरिन आणि त्यांची लेक थिया. बापाने तरुणपणी नुसत्या शब्दांत लिहिलेला, हुकूम टाइप करून खेळायचा गेम लेकीने व्हीआरमध्ये नव्याने केला होता. त्या व्हीआरचा चष्मा आता बापाच्या डोळ्यांवर होता.

“बाबा, तू नको म्हणालास तर मी हा कुणालाच दाखवणार नाही.”

“उत्तरेला जा.”

“कोण?”

“मीच.”

“मग चाल ना! आता टाइप करायचं नसतं, चालायचं असतं.”

“माझ्या गेममध्ये मी पाय लिहिलेच नव्हते.”

“मी दिलेत. खाली बघ.”

“बूट भलतेच चांगले आहेत. दिवा घे.”

“हात पुढे करून घे!”

“आमच्या वेळी नुसतं म्हटलं की दिवा यायचा. आणि गुहेतला राक्षस हिरवा का?”

“तू लिहिलं होतंस, ‘वर्णनापलीकडचा राक्षस.’”

“तो आळस होता गं.”

“आवडला का ते सांग!”

“च्यायला! कशावर आपटलो?”

“खांबावर. तो गेममधला नाही.”

“थिया, इथे हवेत अक्षरं उमटलीत. ‘जेवणाच्या टेबलावर ही भाषा नको.’”

“शिवी दिली की ते येतं. बोललेलं फक्त तेवढंच ऐकतो हा गेम.”

“गुहेत कुठलं टेबल?”

“ते वाक्य तूच लिहिलंयस, जुन्या गेममध्ये.”

“मी नुसतं लिहिलं. म्हणायची तुझी आई.”

“माहितीये. म्हणून तेवढं वाक्य अक्षरांतच राहू दिलं.”

“विझली गं ती अक्षरं.”

“बाबा, मेळाव्याचं दार उघडलं. काय करू, दाखवू की नको?”

“च्यायला.”

“बाबा!”

“पुन्हा वाचायचं होतं. चल, उत्तरेला जा.”